सुरतेचा धक्का, जेद्दाचे तंबू

तर झालं असं, की काही वर्षांपूर्वी एका देशाच्या व्हिसासाठी मी चार तास रांगेत उभा होतो. काचेपलीकडच्या बाईंनी कागद चाळले, एक फॉर्म कमी आहे म्हणाल्या आणि पासपोर्ट परत सरकवला. तिकीट रद्द, ऑनसाइट दीड महिना पुढे. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये माझं रडगाणं चालू होतं. टीममधला एक मित्र, मूळचा रत्नागिरीकडचा, शांतपणे म्हणाला, "दीडच महिना ना? बाबराच्या मुलीला वर्षभर थांबवलं होतं. सुरतेत."

विकांताला उद्योग मिळाला!

बाबराची मुलगी म्हणजे गुलबदन बेगम, अकबराची आत्या. १५७५ साली, पन्नाशी ओलांडलेली ही बाई घरातल्या इतर बायकांना घेऊन फत्तेपूर सिक्रीहून हजला निघाली. आता भाचा हिंदुस्थानचा बादशहा, म्हणजे वाट मोकळी असं आपल्याला वाटेल. पण समुद्र पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. त्यांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना नसेल तर जहाज सरळ जप्त. तो हातात पडून जहाज हलेपर्यंत १५७६चा ऑक्टोबर उजाडला. बादशहाच्या आत्यालाही कागदासाठी ताटकळावं लागलं, तिथे माझी काय कथा.

त्या परवान्यावर येशू आणि मेरीची चित्रं असत. अकबराच्या दरबारातला मखदूम-उल-मुल्क हा बडा धर्मपंडित म्हणाला, की समुद्राने जावं तर असला कागद जवळ बाळगावा लागतो, जमिनीवरून जावं तर शियांच्या इराणातून जावं लागतं, तेव्हा सध्या हज बंधनकारक नाही. गुलबदनने हे मनावर घेतलं नसावं. ती गेली, तीन वर्षांहून जास्त राहिली आणि चार वेळा हज केला. येताना एडनजवळ जहाज फुटलं, तिथे पुन्हा मुक्काम. सिक्रीला परतली ती १५८२ साली.

थांबण्याचं दुसरं कारण मात्र कागदाहून पक्कं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा शेड्युलिंगचा प्रॉब्लेम. हज चांद्र पंचांगाने ठरतो, म्हणजे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. शिडाची जहाजं मात्र वाऱ्यावर चालणार, आणि वारा सूर्याचं ऐकणार. हिवाळ्यात पश्चिमेकडे जायचं, पावसाळा सरताना परत यायचं. ही दोन कॅलेंडरं क्वचितच जुळायची. म्हणून माणूस कधी सुरतेत थांबे, कधी मक्केत.

आपल्याला सुरत म्हटली की १६६४ आणि 'सुरतेची बदसुरत' एवढंच आठवतं. पण तिचं दुसरं नाव होतं बाब-उल-मक्का, मक्केचा दरवाजा. इथे थांबणाऱ्यांसाठी शाहजहानच्या काळात, १६४४ साली, एक मोठी सराई बांधली गेली. एका कामासाठी सुरतेला गेलो तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून पाहिली. या मुघल सराईतूनच पुढे अनेक दशकं सुरतेच्या नगरपालिकेचा कारभार चालला. जिथे हाजी वाऱ्याची वाट पाहत बसले, तिथे लोक दाखल्यांची वाट पाहत बसले. वास्तू आपला धर्म सोडत नाही म्हणतात ते हेच!

या प्रवासातून एक सुंदर पुस्तकही निघालं. औरंगजेबाची मुलगी झेबुन्निसा (जन्म आपल्या दौलताबादचा, १६३८) हिच्या आश्रयाने सफी बिन वली कझवीनी नावाचा विद्वान १६७६-७७मध्ये हजला गेला आणि त्याने 'अनीस-उल-हुज्जाज', म्हणजे हाजींचा सोबती, हे पुस्तक लिहिलं. जहाजावर कसं राहावं, बरोबर काय घ्यावं, बंदरावर काय करावं, सगळं त्यात आहे. त्याची त्या काळातली सचित्र प्रत आज खलिली संग्रहात आहे. गच्च भरलेली जहाजं, बंदरं, हाजींचे तंबू. दरबारी चित्रकलेत बादशहा मध्यभागी बसतो. इथे प्रवासी मध्यभागी आहेत.

पण समुद्र काही चित्रातल्यासारखा नव्हता. १६१३ साली पोर्तुगीजांनी 'रहीमी' हे जहाज पकडलं, कार्ताझ असूनसुद्धा. ते होतं खुद्द जहांगीरच्या आईचं! पोर्तुगीजांवर मुघलांची मर्जी खपा झाली आणि त्याचा फायदा सुरतेत बस्तान बसवू पाहणाऱ्या इंग्रजांना मिळाला. पुढे १६९५च्या सप्टेंबरात हाजींना घेऊन परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटलं. जहाजावरच्या बायकांचे भयंकर हाल झाले. औरंगजेबाने सुरतेतल्या इंग्रजांना डांबलं. शेवटी हाजींच्या जहाजांना संरक्षण द्यायचं कंपनीने कबूल केलं. एव्हरी मात्र कधीच सापडला नाही.

मग वाफेची जहाजं आली आणि वाऱ्याचं कॅलेंडर संपलं. सुरत मागे पडली, मुंबई पुढे आली. १८८६ साली तर हिंदुस्थान सरकारने हाजींच्या प्रवासाची व्यवस्था चक्क थॉमस कुक कंपनीकडे दिली होती. पण वाट पाहणं संपलं का? छे! गर्दी वाढली आणि गर्दीबरोबर पटकी आली. १८६५च्या साथीनंतर सगळे देश घाबरले. १८८२पासून तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर हाजींना उतरवून क्वारंटाइनमध्ये ठेवायला सुरुवात झाली. २०२०नंतर हा शब्द आपल्याला समजावून सांगायला नको.

माणसाची किंमत किती, हे १८८० साली दिसलं. सिंगापूरहून निघालेल्या 'जेद्दा' जहाजात पाणी शिरलं. नऊशेहून अधिक यात्रेकरूंना तसंच सोडून कप्तान आणि गोरे अधिकारी होडीतून पळाले आणि एडनला जाऊन जहाज बुडालं म्हणून सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ते जहाज, यात्रेकरूंसकट, दुसऱ्या बोटीने ओढून एडनलाच आणलं! जोसेफ कॉनरॅडची 'लॉर्ड जिम' कादंबरी या घटनेवरून सुचलेली आहे.

माझ्या मित्राची आजी १९७१ साली मुंबईहून जहाजाने हजला गेली. त्याआधी आठ दिवस ती क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात होती. तो सांगतो, जहाजाबद्दल ती फारसं बोलायची नाही. बोलायची ती त्या आठ दिवसांबद्दल. कुठल्या कुठल्या गावच्या बायका, एकमेकींची भाषा येत नाही, पण एका चुलीवर चहा. "हज तिथनंच सुरू झाला," म्हणायची. मुंबईहून जाणारी हजची जहाजं १९९५ साली बंद झाली.

आता विमानाने पाच-सहा तासांत जेद्दा. आणि तिथे उतरल्यावर? थांबायचं! १९८१ साली सुरू झालेलं तिथलं हज टर्मिनल थांबण्यासाठीच बांधलंय. पांढऱ्या फायबरग्लासच्या कापडाचे २१० तंबू, प्रत्येक ४५ मीटर लांब-रुंद, पोलादी खांबांवरून केबलने टांगलेले. भिंती नाहीत, गरम हवा वरून निघून जाते, म्हणून वातानुकूलनाशिवाय सावलीत बसता येतं. हा विचार करणाऱ्यांत एक इंजिनियर होता फझलुर रहमान खान, ढाक्यात वाढलेला, शिकागोचा सिअर्स टॉवर उभा करणारा. १९८२ साली त्याचं निधन झालं, तेही जेद्दातच.

आपण सॉफ्टवेअरवाले वाट पाहण्याला दोष समजतो. लेटन्सी कमी करा, एवढंच आपल्याला शिकवलंय. पण सुरतेची सराई, मुंबईचा मुसाफिरखाना आणि जेद्दाचे तंबू बांधणाऱ्यांनी एक गोष्ट मान्य केली होती: माणूस थांबणारच आहे, तर निदान त्याला सावली द्यावी.

त्या व्हिसा ऑफिसबाहेर साधं छप्परसुद्धा नव्हतं हो.

असो. व्हिसा मिळाला नंतर.