मऊ स्प्रिंग, ताठ कणा : हलक्या स्पोर्ट्स कारचा इतिहास

मंडळी, स्पोर्ट्स कार म्हटली की तिचं सस्पेन्शन कडक हवं, हे आपण जवळजवळ गृहीत धरतो. मऊ गाडी आरामाची, कडक गाडी वेगाची, अशी आपली सरळ वाटणी असते. ही वाटणी कितपत खरी आहे, हे आज आपण इंग्लंडमधल्या लोटस कंपनीच्या इतिहासातून पाहू. तिचा संस्थापक कॉलिन चॅपमन (१९२८–१९८२) मूळचा स्ट्रक्चरल इंजिनिअर. रचनेत कुठला भाग कुठला भार पेलतो, हा त्याच्या शिक्षणाचाच विषय.

आधी गाडीच्या वजनाचे दोन भाग करू. बॉडी, इंजिन, माणसं हे स्प्रिंगच्या वरचं वजन. चाक, टायर, हब आणि बहुधा ब्रेक हे खालचं. जड मोटारीत वरचा भाग इतका भारी असतो की चाक खड्ड्यात आपटलं तरी त्याला फारसं कळत नाही. गाडी हलकी केली आणि खालचं वजन तेवढंच ठेवलं, तर चाकच गाडीला हलवायला लागतं. दुसरी अडचण माणसांची. ७०० किलोच्या गाडीत ७० किलोची दोन माणसं बसली की १४० किलो वाढले, म्हणजे गाडीच्या वजनाचा पाचवा हिस्सा! एकट्यासाठी बेतलेली स्प्रिंग दोघांना अपुरी पडते, दोघांसाठी बेतलेली एकट्याला जास्त होते.

१९५७ साली लोटसने दोन गाड्या आणल्या, आणि दोघींची उत्तरं वेगळी होती. ‘सेव्हन’ला मागे एकसंध अॅक्सल, दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. स्वस्त आणि साधं काम. सुटे भाग नेऊन घरी गाडी जोडली की ब्रिटनमध्ये खरेदी-कर वाचत असे, त्यामुळे साधेपणाला मोल होतं. पण तो जड अॅक्सल सगळा खालच्या वजनात जमा होतो, आणि एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोचतो. ‘एलिट’मध्ये मागची चाकं एकमेकांपासून मोकळी केली. स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकाच उभ्या नळीभोवती बसवले. चाकाला ताकद पोचवणारा शाफ्टच चाकाला आडवं जागेवर धरू लागला. एक भाग, दोन कामं. याला पुढे ‘चॅपमन स्ट्रट’ हे नाव पडलं.

१९६२ची ‘एलान’ या विचाराचं पक्व फळ. वजन सातशे किलोंच्या आसपास, वर फायबरग्लासची बॉडी, आत पोलादी पत्र्याचा कण्यासारखा चेसिस. पुढे दुहेरी विशबोन, मागे स्ट्रट. आणि स्प्रिंगा? चक्क मऊ, भरपूर खालीवर जाऊ देणाऱ्या! कारण टायरची पकड तो रस्त्यावर किती दाबला जातो यावर असते. हवेत उडालेल्या चाकाला पकड नाही. मऊ स्प्रिंग चाकाला खड्ड्यात उतरू देते. गाडी नंतर किती वेळ डुलत राहील, ते शॉक अॅब्सॉर्बर ठरवतो. चाक सरळ उभं ठेवणं हे विशबोनचं काम, आणि विशबोनला हलू न देणं हे चेसिसचं. चेसिसच पिळवटत असेल तर स्प्रिंगची निवड करून उपयोग काय?

या हलकेपणाची किंमतही मोजली गेली. १९७०च्या ‘लोटस ७२’ रेसिंग कारमध्ये खालचं वजन घटवण्यासाठी पुढचे ब्रेक चाकांतून काढून गाडीच्या आत नेले आणि शाफ्टने चाकांना जोडले. ५ सप्टेंबरला मॉन्झाच्या सरावात योखेन रिंट अपघातात गेला. इटलीतल्या चौकशीचा निष्कर्ष असा, की सुरुवात ब्रेकचा शाफ्ट तुटण्यातून झाली आणि नीट न बसवलेला कडेचा कठडा प्राणघातक ठरला. त्या वर्षीचं जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. चाकावरचे काही किलो वाचवताना प्राणांचा भार कुठल्या भागावर टाकला, हे पुन्हा पुन्हा तपासावंच लागतं.

मग कडक स्प्रिंगा आल्या कशाने? पुढे रेसिंग कारखालची हवा गाडीला जमिनीकडे ओढू लागली. ती ओढ टिकायची तर गाडी जमिनीपासून ठरावीक उंचीवरच राहायला हवी, म्हणून स्प्रिंगा दगडासारख्या झाल्या. १९८१ला चॅपमनने ‘लोटस ८८’मध्ये दोन चेसिस वापरून पाहिले : हवेचा भार पेलणारा एक, चालकाला मऊ झोळीत ठेवणारा दुसरा. ती गाडी शर्यतीतून बाद ठरवली गेली. पण एक गोष्ट दिसली. कडकपणा ही हवेची मागणी होती. रस्त्यावरच्या हलक्या गाडीवर असा भार नसतो.

म्हणून ‘मऊ की कडक’ हा प्रश्नच आधी सुधारायला हवा. गाडीचं भरलेलं आणि रिकामं वजन किती, चेसिस किती ताठ, रस्ता कसा, खालचं वजन किती : एवढं कळलं की स्प्रिंगचा आकडा शेवटी येतो. दुकानात आपण बहुधा तोच पहिला विचारतो, आणि गाडी खाली बसवून कडक केली की वेगवान झाली असं समजतो. खडबडीत वळणावर ती चाक उचलते, तेव्हा आपलं उत्तर चुकलेलं असतं.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.