पानातले लोह अंगी का लागत नाही?

आम्ही व्यवसायाने सॉफ्टवेअरवाले, डॉक्टर नव्हे. पण मंडळातल्या शाकाहारी घरांतून "डाळी-पालेभाज्या रोज खातो, तरी रक्त कमी कसे?" हा प्रश्न वारंवार कानावर येतो, म्हणून ही माहिती. (हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांकडून फेरिटिनही तपासून घ्यावे. नुसते वाचून भागणार नाही!)

पाकिटावर छापलेला लोहाचा आकडा हे झाले इनपुट. शरीरात किती शोषले जाते ते निराळे. धान्ये, डाळी, तीळ, शेंगदाणे यांत फायटेट असते. रोपासाठी फॉस्फरस साठवण्याची ही बियांची सोय, पण आपल्या आतड्यात ते लोह, जस्त आणि कॅल्शियमला धरून ठेवते. १९५८ साली मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद इराणमध्ये शिराजला गेले, तेव्हा त्यांना विशीतले तरुण दहा वर्षांच्या मुलाएवढे दिसणारे आढळले. आहार मुख्यतः बिनखमिराची रोटी. जस्ताची कमतरता हे कारण त्यांनी १९६१ मध्ये सुचवले आणि १९६३ मध्ये इजिप्तमधल्या अभ्यासातून ते पुढे आले.

आपल्या पोळी-भाकरीलाही खमीर नसते, पण आजीच्या स्वयंपाकात यावर उतारा होता. कडधान्य भिजवले, मोड आणले की बियांतलेच फायटेज हे विकर फायटेट तोडू लागते. इडलीचे पीठ आंबतानाही फायटेट कमी होते. इथल्या थंडीत मोड येत नसतील तर भांडे बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवावे. उसळीवर लिंबू मात्र शिजल्यानंतर पिळावे. त्यातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते आणि उष्णतेने ते नष्ट होते.

जेवणाबरोबरचा चहा हा आमच्या मते खरा चोर. प्रयोगांत त्याने लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटलेले दिसले आहे. जेवणानंतर तासभर थांबावे.

पालकातले कॅल्शियम ऑक्झलेटमुळे जेमतेम ५ टक्के शोषले जाते, दुधातले २५ टक्क्यांहून अधिक. कॅल्शियमसाठी इथे मिळणारी केलची भाजी पालकापेक्षा बरी. अळूने घसा खवखवतो, तो याच ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे.

जाता जाता, राजम्याची गोष्ट वेगळी. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिनने उलट्या होतात. तो रात्रभर भिजवून, पाणी ओतून टाकून, नव्या पाण्यात निदान ३० मिनिटे खळखळ उकळावा. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा कधीही टाकू नये. डबाबंद राजमा शिजलेलाच असतो.