प्रोफेसर वासुदेवराव केळकर : वर्ग, वर्तमानपत्र आणि रंगभूमि

भाईंदरच्या एका मराठी शाळेंत मीं पुष्कळ वर्षें इंग्रजी शिकविलें. एकदां धड्यांतला संवाद मुलांकडून उभ्यानें म्हणवून घेत असतां एका वरिष्ठांनीं मला बाजूस घेऊन विचारलें, "मास्तर, हें शिक्षण कीं नाटक?" त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. पुढें पुण्याच्या जुन्या शिक्षणसंस्थांचा इतिहास वाचतांना, हाच प्रश्न ज्यांच्या आयुष्यांत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं उभा राहिला होता, अशा एका गृहस्थांची ओळख झाली. ते म्हणजे प्रो. वासुदेव बाळकृष्ण केळकर.

१८८० च्या जानेवारींत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें. पुढच्याच जानेवारींत 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें सुरू झालीं. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजीं फर्ग्युसन कॉलेज उघडलें. टिळक, आगरकर, आपटे, नामजोशी, गोळे व धारप यांच्या जोडीला सोसायटीच्या पहिल्या सात आजीव सभासदांत वासुदेवराव होते. टिळक गणित शिकवीत, आपटे संस्कृत, आणि केळकरांकडे इंग्रजी. पुण्यांतल्या त्या मंडळींत शाळा आणि छापखाना हीं एकाच बिऱ्हाडाचीं दोन दालनें होतीं. इंग्रजी 'मराठा' पत्राची धुरा कांहीं काळ वासुदेवरावांनींच वाहिली.

परंतु त्यांचें खरें वैशिष्ट्य तिसऱ्या दालनांत आहे, आणि तें म्हणजे रंगभूमि. त्या काळीं नाटक म्हणजे लोकांची मोठी शाळाच होती. ज्यास अक्षरओळख नाहीं तोहि तेथें बसून ऐकत असे. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'नें संगीताची मोहिनी घातली होती. त्या लाटेपुढें गद्य नाटक घेऊन उभी राहिली ती शाहूनगरवासी मंडळी. गद्य नाटकांत नटाला पदाचा आधार नसतो. वाक्य पडलें कीं प्रवेश पडला! कोठें थांबावें, कोणत्या शब्दावर भार द्यावा, आवाज केव्हां उतरवावा, हें ज्ञान तेथें प्राणासारखें. पाश्चात्त्यांचें वक्तृत्वशास्त्र म्हणून कॉलेजांत जें शिकवितात, त्याचा खरा उपयोग येथें होता.

आगरकरांनीं शेक्सपिअरचें 'हॅम्लेट' १८८३ मध्यें 'विकारविलसित' या नांवानें मराठींत आणलें होतें. केळकरांनीं त्याच कवीच्या एका प्रहसनवजा नाटकावरून 'त्राटिका' लिहिलें. तें शब्दशः भाषांतर नव्हे. इटलीचा पेत्रुकिओ येथें प्रतापराव झाला, आणि भांडणाला मराठी घराची भाषा मिळाली. गणपतराव जोशी प्रतापराव झाले व बळवंतराव जोग त्राटिका. या मंडळीला केळकरांचें मार्गदर्शन लाभलें. नाटकवाल्याला प्रतिष्ठित घरीं पाटहि मिळण्याची मारामार होती, त्या दिवसांत एका प्रोफेसरानें नटांशीं असा घरोबा ठेवावा, याला धैर्य लागलें असेल.

येथेंच माझ्या वरिष्ठांचा प्रश्न पुन्हां येतो. आजीव सभासदांनीं अल्प वेतनावर वीस वर्षें सेवेचें व्रत घेतलें होतें. त्यांनीं आपला सारा वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेरचे उद्योग करूं नयेत, असा टिळकांचा आग्रह होता. या व इतर मतभेदांतून १८९० सालीं त्यांनीं राजीनामा दिला. तो आग्रह क्षुद्र नव्हता. ज्याचें चित्त दहा ठिकाणीं, त्याच्या वर्गाची काय दशा होते हें मास्तर जाणतात. परंतु केळकरांचा बाहेरचा उद्योग आणि वर्गांतला उद्योग यांचें सूत एकच होतें. जें दोनचार डझन विद्यार्थ्यांच्या कानीं पडत होतें, तेंच त्यांनीं हजारों प्रेक्षकांच्या कानीं घातलें.

मात्र गौरवाच्या भरांत एक गोष्ट लपवूं नये. 'त्राटिका' म्हणजे तेजस्वी बायकोला उपाशी ठेवून, थट्टेनें नमविण्याची कथा. ती रंगभूमीवर आली तेव्हां रखमाबाईंच्या खटल्याचा धुरळा पुरता बसलाहि नव्हता, आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानें पुणें दुभंगलें होतें. आगरकर स्त्रीशिक्षणासाठीं लेखणी झिजवीत असतां, त्यांच्याच सहकाऱ्याच्या नाटकाला लोक पोट धरून हंसत होते. शिवाय नायिकेला नांव मिळालें तें रामायणांतल्या राक्षसीचें! कडक स्वभावाच्या बाईला 'त्राटिका' म्हणून हिणविण्याची रीत मराठींत अजून गेलेली नाहीं. वाणीचें सामर्थ्य असें दुधारी असतें. तें जितकें दूर पोहोंचतें, तितकी बोलणाऱ्याची जबाबदारी वाढते.

आज आमच्या भाईंदरांतल्या मुलांच्या हातांतच रंगभूमि आहे. मोबाइलवरचे संवाद त्यांना कवितेपेक्षां लौकर पाठ होतात. मास्तरानें त्याकडे पाठ फिरविली, तर तेथें कोणती वाणी मुलांना घडविते हें त्याला कळणारहि नाहीं. केळकरांनीं पाठ फिरविली नाहीं, ही त्यांची थोरवी. आणि त्यांनीं काय निवडलें हें तपासणें, हें आपलें काम. त्या वरिष्ठांनीं आज विचारलें तर मी सांगेन, "साहेब, हें शिक्षणच आहे, म्हणून तर नाटक कोणतें, हें आधीं पाहावें लागतें."