कॅटलॉगमधलं ‘लॅकर’ नेमकं कशाचं?

वाघोलीत नगर रस्त्यावरच्या एखाद्या दुकानात ‘लॅकर फिनिश’ मागितलंत, तर बहुधा कारखान्यात बनलेलं रासायनिक पॉलिश दाखवतील. जुन्या फर्निचरच्या कॅटलॉगमध्ये हाच शब्द दिसला की मात्र थांबा. तिथे तो दोन अगदी वेगळ्या पदार्थांसाठी येतो.

एक आपली लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर जगणाऱ्या कीटकाचा हा स्राव. कारागीर लाकूड लेथवर फिरवतो, रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबतो. घर्षणाने लाख वितळून पसरते. सावंतवाडीची लाखकामाची खेळणी तुम्ही पाहिली असतीलच. दुसरी चीन-जपानची ‘उरुशी’. हा झाडाचा चीक. तो दमट हवेत कडक होतो आणि मग स्पिरिटनेही विरघळत नाही. आपली लाख विरघळते. (म्युझियममधल्या वस्तूवर हा प्रयोग करू नका!)

मग नाव एकच कसं? ‘लाक्षा’ आणि ‘लाख’ हे शब्द पोर्तुगिजांमार्फत युरोपात गेले आणि तिथे दोन्ही पदार्थांना चिकटले. गार्सिया द ऑर्ताच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात लाखेवर स्वतंत्र संवाद आहे.

खरी गंमत पुढे आहे. सतराव्या शतकात जपानी कपाटांना युरोपात मोठी मागणी होती, पण उरुशीचा चीक तिथे मिळत नव्हता. १६८८ मध्ये स्टॉकर आणि पार्कर यांनी ‘जपानिंग’वर पुस्तक काढलं. त्यात जपानी चकाकीची नक्कल करायला स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख सांगितली आहे. म्हणजे इंग्लंडमधल्या ‘जपानी’ कपाटावरचा थर भारतातल्या लाखेचा असू शकतो. कॅटलॉगमध्ये नुसतं ‘ओरिएंटल लॅकर’ लिहिलं, की ही लाख गोळा करणारे हात इतिहासातून गायब होतात.

लाकडाचंही तेच. एकोणिसाव्या शतकात मुंबईत कोरलेलं ‘ब्लॅकवुड’ फर्निचर म्हणजे आपलं शिसवी. इंग्रजीत त्यालाच ‘रोझवुड’ही म्हणतात, ‘एबनी’ मात्र वेगळ्याच कुळातलं झाड. आणि लंडनमध्ये ‘एक्झॉटिक’ ठरलेलं हे लाकूड आपल्याकडे घरचंच होतं. तो शब्द लाकडापेक्षा लिहिणाऱ्याचा पत्ता जास्त सांगतो.

म्हणून नोट्स काढताना तीन रकाने करा: कॅटलॉगमधला शब्द, स्थानिक नाव, शास्त्रीय नाव. तिसरा रकाना पुराव्याशिवाय भरू नका. तो रिकामा राहिला, तर तुमचा रिसर्चचा प्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.