विमा आणि विमान

बीडच्या नकाशावर विमानतळ नाही. विमानाचे राहू द्या, रेल्वेचेच पाहा. नगर–बीड–परळी मार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली आणि बीडहून पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. ज्या पोराच्या बारशाला रूळ आखले गेले, त्याच्या पोराच्या बारशाला गाडी पोहोचली म्हणायची. (परळीला निजामाच्या अमदानीपासून रेल्वे आहे, पण बीडकराला त्याचे कौतुक कधी वाटले नाही.) अशा जिल्ह्याच्या नावाने खासगी छोट्या विमानांच्या विम्याची कथा सांगू लागलो, तर वाचक भुवया उंचावतील. परंतु विम्यातले बीडकरांना कोणी शिकवायला जाऊ नये. आज साऱ्या महाराष्ट्रात विम्याची जी एक पद्धत ओळखली जाते, तिचे नावच मुळी ‘बीड पॅटर्न’ आहे.

ती कथा थोडक्यात अशी. पाऊस दगा देतो, पिके जातात, भरपाई द्यावी लागते, म्हणून बीड जिल्ह्याचा पीकविमा उतरवायला कंपन्या पुढे येईनात. तेव्हा २०२० च्या खरिपात भारतीय कृषी विमा कंपनीने एका निराळ्या कराराने हे काम पत्करले. भरपाई जमलेल्या हप्त्याच्या एकशेदहा टक्क्यांवर गेली, तर वरचा बोजा राज्य सरकारने उचलायचा. भरपाई ऐंशी टक्क्यांच्या आत राहिली, तर कंपनीने आपले वीस टक्के ठेवून उरलेली रक्कम सरकारला परत करायची. २०२२ पासून ही रीत राज्यभर लागू झाली. कंपन्या बीडला का भीत होत्या, हे ध्यानात आले की विमानाच्या विम्याचे निम्मे कोडे सुटते. विमा चालतो तो पुष्कळांच्या लहान हप्त्यांतून थोड्यांचे मोठे नुकसान भरून निघते म्हणून. पाटोद्यात पाऊस नाही त्या वर्षी गेवराईतही नसतो आणि सगळेच एकदम दाराशी उभे राहतात. तिथे हे गणित कोलमडते. विमानाच्या बाबतीत गणित कोलमडते ते दुसऱ्या टोकाने. तिथे हप्ता भरणारे मूठभर, आणि त्यांतल्या एकाचे विमान पडले तरी साऱ्यांची थैली रिकामी होते.

आपल्या भाषेत विमा आणि विमान यांत एका ‘न’चाच फरक आहे, आणि सुरुवातीला तो ‘न’ विमा कंपन्यांच्याच तोंडी होता. जहाजांच्या विम्यावर मोठी झालेली लंडनची लॉइड्स ही पेढी. तिथल्या व्यापाऱ्यांनी विमानाचे पहिले विमापत्र १९११ साली लिहिले. राइट बंधूंच्या उड्डाणाला तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी एका हवाई मेळ्यात हवा बिघडली, विमाने पडली, आणि नुकसानीचे आकडे पाहून त्या व्यापाऱ्यांनी हा धंदा काही काळ गुंडाळूनच ठेवला. विमान लाकडाचे आणि कापडाचे, इंजिन बेभरवशाचे. पण त्यांना खरी अडचण होती ती निराळीच. जहाजाच्या कप्तानाची लायकी अनेक पिढ्यांच्या अनुभवावरून ठरवता येत होती. वैमानिकाची कशावरून ठरवायची?

छोटे विमान सामान्य माणसाच्या, निदान सामान्य श्रीमंताच्या, आवाक्यात आले ते द हॅविलंड कंपनीच्या ‘मॉथ’ने. १९२५ च्या फेब्रुवारीत ते पहिल्यांदा उडाले. पंख मिटून ते मोटारीच्या खोलीत ठेवता येई, आणि पुढे त्याची किंमत साडेसहाशे पौंडांपर्यंत उतरली. या मॉथच्या बळावरच हिंदुस्थानात सरकारी मदतीचे फ्लाइंग क्लब उभे राहिले. त्यांतला मुंबईचा १९२८ सालचा, जुहूच्या मैदानावरचा. तिथे जहांगीर रतनजी टाटा पावणेचार तासांच्या शिक्षणानंतर एकट्याने उडाले, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. पावणेचार तास! आज खासगी वैमानिकाला आपल्याकडे निदान चाळीस तास उडावे लागते, त्याखेरीज परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी वेगळीच.

त्या काळातल्या हौशी वैमानिकांच्या अंगी धाडस होते, तसाच दिलदारपणाही. आगाखानांनी इंग्लंड-हिंदुस्थान एकट्याने उडणाऱ्याला १९३० सालासाठी बक्षीस लावले. टाटा कराचीहून पश्चिमेला निघाले, अस्पी इंजिनीअर इंग्लंडहून पूर्वेला. इजिप्तच्या अबुकीर तळावर दोघांची गाठ पडली तेव्हा अस्पी स्पार्क प्लगांअभावी अडून बसले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले, आणि बक्षीस अस्पींनी जिंकले. पुढे हेच अस्पी इंजिनीअर स्वतंत्र भारताच्या वायुदलाचे प्रमुख झाले. विम्याच्या भाषेत या कथेला किंमत शून्य आहे; पण एकेका प्लगावर अडणारी ती विमाने पाहता कोणता शहाणा दलाल त्यांच्यावर पैसे लावील, असा प्रश्न पडतो.

बीड त्या वेळी हैदराबाद संस्थानात होते. विमानाची हौस म्हणजे तिकडे राजधानीची हौस. बेगमपेठच्या मैदानावर संस्थानाचा एरो क्लब होता. १९४५ साली निजाम सरकार आणि टाटा यांनी मिळून ‘डेक्कन एअरवेज’ काढली. याच कंपनीने प्रेम माथूर यांना वैमानिकाच्या आसनावर बसवले. परवाना हाती असूनही इतर कंपन्यांनी बाई म्हणून त्यांना परत पाठवले होते. १९४८ साली रात्रीच्या अंधारात कराचीहून संस्थानात शस्त्रे उतरवणारी सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन साहसी माणसाची विमानेही याच भागाच्या आभाळाने पाहिली. त्या उड्डाणांचा विमा कोणी उतरवला असेल, ही कल्पनाच गमतीची आहे. सप्टेंबरात संस्थान भारतात आले, आणि १९५३ मध्ये डेक्कन एअरवेज राष्ट्रीय विमानसेवेत विलीन झाली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वैमानिकाची लायकी मोजायची कशी? तिसाव्या दशकात लंडनच्या विमानविमा मंडळात कॅप्टन लॅम्प्लू म्हणून एक जाणता अधिकारी होता. आकाश मुळात घातकी नाही, पण हयगय आणि अडाणीपणा यांना ते समुद्राहूनही कमी क्षमा करते, अशा आशयाचे त्याचे बोलणे पुढे जगभरच्या फ्लाइंग क्लबांच्या भिंतींवर चौकटीत लागले. पुष्कळांना ते एखाद्या वीर वैमानिकाचे वाटते. माणूस होता विमेवाला! मोडक्या विमानांचे पंचनामे करता करता त्याला हे कळले होते. विमान मोडते त्याचे कारण बहुधा यंत्रात नसून आसनावरच्या माणसात असते, हे विमा कंपन्यांनी वैमानिकांच्या आधी ओळखले.

याला शास्त्राची मोहोर लागली ती अमेरिकेत. इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेले वीस वैमानिक घेतले. त्यांना बाहेरचे काही दिसू नये अशी व्यवस्था केली, जणू विमान ढगात शिरले आहे, आणि शेजारी शिक्षक बसवला. एकजणही निभावला नाही. एकोणीस विमाने गिरक्या घेत खाली निघाली, एकाचे नाक वर जाऊन वेग मेला. ढगात शिरल्यापासून तोल जाईपर्यंतचा सरासरी वेळ होता १७८ सेकंद. तीन मिनिटेही नाहीत! आपण सरळ चाललो आहोत असे कान सांगतात, विमान कललेले असते. वैमानिक कानावर विश्वास ठेवतो आणि जमीन जवळ येत जाते. याच माणसांना मग काही तासांचे साधे शिक्षण दिले: ढगात सापडलात की घाबरू नका, उपकरणाकडे पाहत सावकाश अर्धे वळण घ्या आणि आलात तसे परत फिरा. त्यानंतरच्या साठ चाचण्यांपैकी एकोणसाठांत ते सुखरूप बाहेर पडले. शंभर कीर्तनांनी जे होत नाही ते काही तासांच्या सरावाने झाले.

प्रयोगाला वापरले ते विमान होते ‘बीचक्राफ्ट बोनांझा’. १९४७ मध्ये बाजारात आलेले, इंग्रजी व्ही अक्षरासारखे शेपूट असलेले, देखणे आणि वेगवान. घेणारे कोण? डॉक्टर, वकील, कारखानदार: हाताशी पैसा आहे, वेळ नाही अशी माणसे. आठवडाभर दवाखाना करायचा आणि शनिवारी उडायचे. त्यांतले इतके पडले की लोक त्या विमानाला ‘दुशेपटा डॉक्टरमार’ म्हणू लागले. शेपटाच्या बांधणीतही पुढे दोष सापडला आणि ती मजबूत करावी लागली. सगळे खापर डॉक्टरांवर फोडणे अन्यायाचे होईल. पण ३ फेब्रुवारी १९५९ च्या रात्री आयोवात हिमवर्षावात बडी हॉली हा तरुण गायक आपल्या दोन साथी कलावंतांसह ज्या बोनांझात गेला, त्याच्या एकवीस वर्षांच्या वैमानिकाला उपकरणांवर उडण्याची पात्रता नव्हती. पाच वर्षांपूर्वीचा प्रयोग जणू पुन्हा झाला. फक्त या वेळी शेजारी शिक्षक नव्हता.

यावर बोनांझाच्या मालकांनी शोधलेला उपाय मला फार आवडतो. त्यांची स्वतःची संस्था होती. तिने वैमानिकांच्या फेरशिक्षणाचे वर्ग चालू केले. शनिवार-रविवारी जमायचे, आपल्याच विमानात अनुभवी शिक्षकासह चुका दुरुस्त करायच्या. अमेरिकन सरकारनेही सत्तरच्या दशकात दर दोन वर्षांनी शिक्षकासोबत उजळणी सक्तीची केली. विमा कंपन्यांना हे हवेच होते. असे शिक्षण घेणाऱ्याला त्या हप्त्यात सूट देऊ लागल्या. काही विमानांच्या बाबतीत तर वर्षाची उजळणी नाही, तर विमाच नाही. हिशेब रोकडा आहे. वैमानिक चाके खाली करायला विसरला आणि पोटावर उतरला, तर सहसा कोणी मरत नाही; पण पंखा वाकतो, इंजिन उघडावे लागते आणि विमानाच्या किमतीचा मोठा वाटा जातो. त्याच्या मानाने दोन दिवसांचे शिक्षण फार स्वस्त.

हप्त्याचा हिशेबही समजून घेण्याजोगा आहे. एक भाग विमानाचा: ठरलेल्या किमतीवर शेकडा इतके. दुसरा भाग दुसऱ्यांच्या नुकसानीचा: आतले प्रवासी, खालचे घर, शेत, माणूस. दोन्ही भागांत दर ठरतो तो एकूण किती तास उडालात, त्याच प्रकारच्या विमानात किती, आणि गेल्या वर्षात किती यावर. पाच हजार तास उडून वर्षभर घरी बसलेला माणूस कंपनीला फारसा आवडत नाही. सत्तरी ओलांडलेल्याला तर अमेरिकेत अलीकडे विमापत्र मिळणेच दुरापास्त झाले आहे. इथे पुन्हा टाटांची आठवण होते. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला त्यांनी कराचीहून मुंबईला पहिली टाटा हवाई टपाल आणली. त्याच तारखेला १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते लेपर्ड मॉथ या जुन्या छोट्या विमानातून एकटेच कराचीहून जुहूला आले.

विम्याचा बोजा विमान बनवणाऱ्यांवरही पडला. अमेरिकेत १९७८ साली सतरा हजारांवर छोटी विमाने तयार झाली. १९९४ मध्ये हजारसुद्धा नाहीत. तीस वर्षे जुने विमान पडले तरी खटला कारखान्यावर, म्हणून कारखान्याच्या विम्याचा खर्च प्रत्येक नव्या विमानाच्या किमतीत चढला. सेसनाने १९८६ साली एका इंजिनाची छोटी विमाने बनवणेच थांबवले. १९९४ च्या कायद्याने अठरा वर्षांहून जुन्या विमानांबद्दलची ही जबाबदारी संपवली, तेव्हा दोन वर्षांनी सेसनाचा कारखाना पुन्हा सुरू झाला.

आपल्याकडे ‘न्यू इंडिया’ कंपनीने १९४६ साली विमानविम्याचे वेगळे खाते उघडले. ही कंपनीही मूळची टाटांचीच, सर दोराबजींनी १९१९ मध्ये काढलेली. १९७३ च्या १ जानेवारीपासून एकशेसात विमा कंपन्या चार सरकारी कंपन्यांत एकवटल्या. पण हप्त्यांची थैली भरायला विमाने लागतात, आणि खासगी हौसेची विमाने देशात मुळातच थोडी. म्हणून जोखमीचा मोठा वाटा परदेशी फेरविम्याकडे जातो, आणि लंडनमध्ये दर चढला की इथेही चढतो. मुंबई फ्लाइंग क्लबचे शिक्षण आता धुळ्याला चालते, बारामतीलाही शिक्षणसंस्था आहे. मात्र तिथली बहुतेक मुले नोकरीच्या परवान्यासाठी येतात. घराच्या गच्चीवर, कांदिवलीत, सहा आसनांचे विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांच्यासारखा हौशी विरळाच. विमानाची नोंदणी व्हायला त्यांना २०१७ साल आणि उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ साल उजाडावे लागले; स्वतः प्रवासी विमानांचे वैमानिक असलेल्या माणसाची ही कथा.

बीडच्या पिकांसाठी कंपन्या येईनात तेव्हा सरकारने वरचा बोजा उचलला. विमानाच्या हौसेसाठी कोणतेही सरकार असा करार करणार नाही, आणि करूही नये. तिथे हप्ता उतरवण्याचा एकच मार्ग मालकाच्या हाती राहतो: शिक्षकाला शेजारी बसवायचे, खिडकी झाकून घ्यायची आणि अर्ध्या वळणाचा सराव करायचा.