पेट्रोल संपलं, पण ट्राम चालली

आखातात युद्ध पेटलं की आपल्या पिंगळीत पहिला प्रश्न ठरलेला: डिझेल किती वाढणार? मित्रांनो, हा प्रश्न जुना आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, देशात पेट्रोलचं रेशनिंग आलं. १९४२ मध्ये जपाननं मलाया आणि ब्रह्मदेश घेतला. मलायाचं रबर गेलं, ब्रह्मदेशाचं तेल गेलं. टायर मिळेना, पेट्रोल मिळेना. कुठं कुठं तर गाडीला भट्टी जोडून कोळशाच्या गॅसवर बस चालवल्या.

मुंबईत खासगी मोटारी दारात उभ्या राहिल्या आणि भार बेस्ट कंपनीवर आला. तेव्हा कामाला आली १९०७ पासून विजेवर धावणारी ट्राम. तिला ना पेट्रोल लागायचं, ना रबरी टायर. वीजही बरीचशी सह्याद्रीतल्या धरणांच्या पाण्याची.

तीच ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. आज आपण पुन्हा विजेच्या बस घेतोय!

माझं म्हणणं एवढंच. तेल बाहेरून येतंय तोवर युद्ध कुठंही होवो, झळ आपल्याच खिशाला. म्हणून विजेच्या बस मुंबई-पुण्यापुरत्या ठेवू नका. परभणी-पिंगळी रस्त्यावरही लोक रोज कामाला जातात, पोरं शाळेत जातात.