उरलेल्या खर्चाचा रकाना

भायखळ्याच्या मंडईपासून माझं घर चालत पाच मिनिटांवर आहे. निवृत्त झाल्यापासून आसपासची मुलं अर्ज भरायला माझ्याकडे येतात. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आली. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात तिला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता आणि निम्मी फी माफ झाली होती. मदतीसाठी ती एका न्यासाकडे अर्ज करत होती. त्यात एक रकाना होता, 'उरलेल्या खर्चाची तरतूद'. "काका, इथे काय लिहू?" तिची आई मंडईत भाजी विकते. मी म्हटलं, आज राहू दे, उद्या बघू.

तो रकाना माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. १९७४ साली मलाही असंच एक प्रवेशपत्र आलं होतं. जामीनदार मिळाला नाही. पत्र अजून ट्रंकेत आहे. असो.

त्या रात्री मला आठवलं ते आमच्या मंडईतलं एक लग्न. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली गोष्ट. दिवसाचा बाजार उठल्यावर मंडईच्या उघड्या शेडमध्ये ते लागलं. एका कोपऱ्यात वराकडची माणसं, दुसऱ्यात वधूकडची, बसायला विक्रेत्यांचे दगडी ओटे आणि खाली वाहतं गटार. पहाटे बाजार भरायच्या आत सगळं आटपायचं होतं. नवरदेवाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. नवरी रमा, दापोलीजवळच्या वणंद गावची. तिचे वडील बंदरावरून माशांच्या पाट्या वाहत. आईवडील गेल्यावर नातलगांनी पोरक्या भावंडांना मुंबईला आणलं, ते याच मंडईच्या आसऱ्याला.

बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो आणि ती साधारण अशी असते : हुशार मुलगा, उदार महाराज, अमेरिकेची पदवी. खोटं त्यात काही नाही. मात्र ती मी हिशेबाच्या बाजूनं पुन्हा वाचायला घेतली, तेव्हा वेगळंच दिसलं. मदत दर वेळी आली, आणि दर वेळी शिक्षणाच्या आधी संपली.

सुरुवात एका शिक्षकापासून झाली. कृष्णराव अर्जुन केळुसकर विल्सन हायस्कूलमध्ये शिकवत. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा तेच त्याला सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. महिना २५ रुपये मंजूर झाले. केळुसकरांच्या खिशातून फार काही गेलं नसेल, पण कोणाच्या दारात कोणाला उभं करायचं हे त्यांना कळत होतं.

१९१३च्या फेब्रुवारीत सुभेदार रामजी वारले. त्याच वर्षी बडोदा संस्थान काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला धाडणार होतं आणि त्यात भीमरावांची निवड झाली. कोलंबिया विद्यापीठ, तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारावर सही झाली : परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. शिष्यवृत्ती हा शब्द आपण दानासारखा वापरतो, पण कागद वाचला तर तो करार असतो. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी निधी काढला, तोही कर्जाऊ. यात कमीपणा काहीच नाही. फक्त करार कोण पाळू शकतो, हे जगही ठरवतं.

भीमराव जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोचले. मागे परळच्या चाळीत रमाबाई आणि काही महिन्यांचा यशवंत. साडेअकरा पौंडांतून थोडे घरी पाठवायचे, उरलेल्यात राहायचं आणि त्यातही जुनी पुस्तकं घ्यायची. तीन वर्षांत त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम केले. मला वाटतं, पैशाला मुदत आहे हे ठाऊक असलेला माणूसच असा अभ्यास करतो. १९१६ साली ते लंडनला गेले, ग्रेज इनमध्ये आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, आणि १९१७ साली शिष्यवृत्ती संपली. निघताना चार वर्षांच्या आत परत येऊन काम पुरं करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली.

महायुद्धाचे दिवस होते. वेगळ्या बोटीनं पाठवलेलं त्यांचं सामान, पुस्तकांसकट, पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालं. भरपाई म्हणून टॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये मिळाले आणि ते बडोद्याला रुजू होण्याच्या खर्चाला कामी आले. बुडालेल्या पुस्तकांच्या पैशानं माणूस करार पाळायला निघाला! बडोद्यात काय झालं ते सर्वांना माहीत आहे. राहायला जागा कोणी देईना. एका पारशी विश्रांतिगृहात आसरा घेतला, तिथूनही बाहेर काढलं. दहा वर्षांची नोकरी काही दिवसांत संपली.

मग १९१८च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगार ४५० रुपये. चाळीत राहणाऱ्या माणसाला त्या काळी ही रक्कम केवढी! पण राहणी बदलली नाही. घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती, बाकीची लंडनसाठी शिल्लक. शाहू महाराजांनी मदत केली. कोलंबियाच्या दिवसांतले पारशी मित्र नवल भथेना यांनी ५००० रुपये उसने दिले. जुलै १९२०मध्ये, चार वर्षांची मुदत संपायच्या आत, बाबासाहेब लंडनला परतले. तीन वर्षांनी, १९२३च्या एप्रिलमध्ये, ते मुंबईत आले तेव्हा बॅरिस्टर झाले होते, पण डी.एस्सी.चा प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला होता. तो मुंबईतून पुन्हा धाडला आणि त्याच वर्षी पदवी मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. तर त्याहून उशिरा हाती आली, कारण प्रबंध छापून द्यावा लागे. तो १९२५ साली छापला गेला, पदवी मिळाली १९२७ साली. न्यूयॉर्क सोडल्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

ही कसरत पुढच्यांना करावी लागू नये, हे त्यांच्या मनात असावं. १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात गेल्यावर त्याच वर्षी दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशी शिकवण्यासाठी सरकारी पैसा मागितला. स्वतंत्र भारतात १९५४-५५पासून केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती आली, महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची २००३ साली. जागा मोजक्या, अर्ज पुष्कळ. म्हणून तर मुली अजून न्यासांचे अर्ज घेऊन माझ्याकडे येतात.

दुसऱ्या दिवशी ती आली, सोबत आईही. बाईंनी पदराच्या गाठीतून भिशीचं छोटं पुस्तक काढलं आणि आकडा सांगितला. कमी होता, पण आम्ही तोच लिहिला. त्याखाली एका मावशीचं नाव आणि तिनं कबूल केलेली रक्कम. जिथे तूट होती तिथे तूट असंच लिहिलं. अर्ज गेला आहे. उत्तर आलेलं नाही.

बाबासाहेबांची दोन पुस्तकं माझ्या कपाटात शेजारी आहेत. १९२५ सालचं, कोलंबियाच्या प्रबंधाचं, शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल सयाजीराव गायकवाडांना अर्पण केलं आहे. दुसरं पाकिस्तानच्या प्रश्नावरचं, १९४०च्या अखेरचं. ते 'रामू'च्या स्मृतीला आहे. रमाबाई १९३५ साली गेल्या. त्या अर्पणपत्रिकेत चणचणीच्या, काळजीच्या आणि मित्र नसलेल्या दिवसांचा उल्लेख आहे.